तोडणीपासून गव्हाणीपर्यंत

महाराष्ट्रात कारखान्यांचे बॉयलर पेटून गळीत हंगाम सुरू झाला, की वर्तमानपत्रांचे रकाने उसाच्या दराने भरून जातात. पहिली उचल किती, एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरविलेला उसाचा किमान दर, एकरकमी की हप्त्याहप्त्याने, मागील हंगामाची थकबाकी कोणत्या कारखान्याकडे किती, वजनकाट्याच्या तक्रारीची दाद कोणी घ्यावी, या प्रश्नांवर परिषदा भरतात, ऊसवाहतूक अडविली जाते, मंत्रालयात बैठका होतात. आणि हे प्रश्न लाखो कुटुंबांच्या पोटाशी निगडित असल्यामुळे त्यांचा एवढा खल व्हावा हे योग्यच आहे. परंतु साखरेच्या वाटणीविषयीचा हा तंटा सुरू होण्याच्या आधीच, ऊस तोडल्यापासून तो कारखान्याच्या गव्हाणीत पडेपर्यंतच्या अवधीत, त्या साखरेचा काही भाग कोणाच्याही हाती न लागता नाहीसा झालेला असतो, आणि या नुकसानीला वादी नाही व प्रतिवादीही नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी परिषद भरवीत नाही. हे नुकसान पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगे आहे आणि ते टाळण्याची पहिली पायरी म्हणून तोडणीची वेळ दप्तरात नोंदली गेली पाहिजे, असे माझे मत असून, त्याची कारणे येथे सविस्तर मांडावयाची आहेत.

उसाच्या कांड्यातील साखर, जिला रसायनशास्त्रात सुक्रोज म्हणतात, तिचा पाण्याशी संयोग झाला की तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन लहान शर्करांमध्ये विघटन होते. या दोन्ही शर्करा गोड आहेत, पौष्टिक आहेत, पण साखर कारखान्याच्या दृष्टीने त्या गेलेल्याच. कारण त्यांचे स्फटिक होत नाहीत, त्या मळीबरोबर वाहून जातात, आणि जाताना उरलेल्या साखरेच्या स्फटिकीकरणातही अडथळा आणतात. कारखान्यातील केमिस्ट मंडळी या विघटनाला इन्व्हर्शन म्हणतात. शुद्ध साखरेच्या द्रावणात ही क्रिया इतकी मंद असते की ती घडत नाही असेच म्हणावे; पण आम्ल, उष्णता, विकरे आणि जिवाणू यांची जोड मिळाली की तीच क्रिया काही तासांत जाणवू लागते. तेव्हा तोडलेल्या उसाचा प्रश्न हा, त्यात साखर किती आहे याइतकाच, ती कोणत्या वेगाने नाहीशी होते आहे याचाही प्रश्न आहे. आणि रासायनिक क्रियांचा वेग कशाकशावर अवलंबून असतो, याचे जे शास्त्र मानवजात शिकली, त्यातील तीन फार मोठे धडे तिला ऊससाखरेनेच दिलेले आहेत.

या शास्त्राचा इतिहास आपल्या साखरपट्ट्यातील महाविद्यालयांत शिकविला जातो तो सूत्रांपुरता; त्यामागची माणसे आणि त्यांचे प्रयोग विद्यार्थ्यांपुढे क्वचितच येतात, याचे मला वाईट वाटते. लुडविग विल्हेल्मी हा जर्मन संशोधक, जो प्रथम औषधविक्रेता होता आणि पुढे हायडेलबर्ग विद्यापीठात अध्यापन करू लागला, त्याने १८५० साली ऊससाखरेच्या द्रावणात आम्ल घालून तिचे विघटन किती वेळात किती होते याची मोजणी प्रसिद्ध केली. त्याच्या हाती साधन होते ते पोलॅरिमीटर. विशिष्ट रीतीने ध्रुवित केलेला प्रकाश साखरेच्या द्रावणातून जाताना उजवीकडे वळतो, आणि विघटनातून निर्माण झालेल्या मिश्रणातून जाताना डावीकडे वळतो. त्यामुळे द्रावणाला हात न लावता, त्यातील थेंबही न काढता, केवळ प्रकाशाचा कोन वाचून क्रिया कोठवर आली हे क्षणोक्षणी सांगता येते. या वाचनांवरून विल्हेल्मीने असे दाखवून दिले की, दर क्षणी नाहीशी होणारी साखर ही त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असते. साखर जितकी अधिक, तितकी ती जास्त वेगाने जाते. रासायनिक क्रियेच्या वेगाला गणिताचा नियम लावण्याचा तो पहिला यशस्वी प्रयत्न, आणि त्याकडे समकालीनांनी जवळजवळ दुर्लक्ष केले. पुढे विल्हेल्म ओस्टवाल्ड या थोर रसायनशास्त्रज्ञाने तो निबंध उजेडात आणला, तेव्हा विल्हेल्मी हयात नव्हता.

दुसरा धडा स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसचा. १८८९ साली त्याने जो निबंध लिहिला त्याचा विषय पुन्हा आम्लाच्या साहाय्याने होणारे ऊससाखरेचे विघटन हाच होता, आणि त्यात त्याने एका कोड्याला हात घातला. तापमान २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेले, तर निरपेक्ष मापनाने ते २९८ वरून ३०८ झाले; म्हणजे रेणूंची सरासरी ऊर्जा तीन टक्क्यांहून थोडी अधिक वाढली. पण साखरेच्या विघटनाचा वेग मात्र तेवढ्याने सुमारे चौपट होतो. तीन टक्क्यांच्या कारणातून चौपटीचे कार्य निघावे कसे? अऱ्हेनियसचे उत्तर असे की, सर्वच रेणू क्रियेस पात्र नसतात. बोरघाट चढून जाण्याइतके बळ ज्याच्या अंगी आहे तोच प्रवासी पलीकडे उतरावा, तसे ऊर्जेचा एक चढ पार करण्याइतके बळ ज्या थोड्या रेणूंत असते तेच विघटन पावतात, आणि तापमान थोडे वाढले तरी अशा सबळ रेणूंची संख्या भराभर वाढते. या चढाला आज आपण सक्रियण ऊर्जा म्हणतो. उत्प्रेरक म्हणजे त्याच डोंगरातून काढलेला बोगदा. तो स्वतः खर्च होत नाही, दोन्ही बाजूंच्या गावांची उंची बदलत नाही, परंतु चढ कमी करून असंख्य दुर्बल रेणूंनाही पलीकडे जाऊ देतो.

तिसरा धडा १९१३ सालचा, बर्लिनमधला. लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी इन्व्हर्टेज या विकराच्या साहाय्याने होणाऱ्या ऊससाखरेच्या विघटनाचा अभ्यास केला. त्यांच्यापुढेही पोलॅरिमीटरच होता. प्रयोगभर द्रावणाची आम्लता स्थिर राखण्याची दक्षता त्यांनी घेतली आणि साखरेचे प्रमाण वाढवीत गेल्यास विकराचा वेग प्रथम वाढतो पण पुढे एका कमाल मर्यादेपाशी येऊन थांबतो, हे समीकरणात बांधून दाखविले. जगातल्या प्रत्येक जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आज ते समीकरण आहे. ज्या विकरावर ते प्रयोग झाले ते विकर आपल्या प्रत्येक उसाच्या कांड्यात निसर्गतःच असते. ऊस उभा असतो, वाढत असतो, तोवर साखर बनविणे, ती साठविणे आणि गरजेनुसार ती मोडणे या व्यवहारांत जिवंत वनस्पती स्वतः समतोल राखून असते. कोयत्याचा घाव बसला की साखर बनविण्याचे काम थांबते आणि मोडण्याचे काम चालू राहते.

विल्हेल्मीच्या निबंधाला शंभर वर्षे होत असतानाच, १९५०-५१ च्या हंगामात, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी लोणी येथे सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. तेथून महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचे अर्थकारण आणि राजकारणही पालटले, हे सर्वश्रुत आहे. त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलॅरिमीटर होता. आज प्रत्येक कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो असतो. रस घ्यायचा, लेड सबॲसिटेटने निवळायचा, गाळायचा, काचेच्या लांब नळीत भरायचा, डोळा लावून दृष्टिक्षेत्राचे दोन अर्ध सारख्या उजेडाचे होईपर्यंत चक्र फिरवायचे आणि आकडा वाचायचा: हे काम पाळीपाळीने रात्रंदिवस चालते, आणि त्यातून निघालेल्या ‘पोल’च्या आकड्यावर उताऱ्याचा, म्हणजे उसातून शेकडा किती साखर निघाली याचा, सारा हिशेब उभा राहतो.

या प्रयोगशाळेपासून दोनशे पावलांवर केनयार्ड असते. मार्च महिन्यात, दुपारच्या तीन वाजता तेथे जाऊन उभे राहावे म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानात येईल. ट्रॅक्टरांच्या जोडट्रॉल्या एकामागे एक उभ्या असतात, बैलगाड्यांचे जू खाली टेकलेले असते, चालक ट्रॉलीच्या सावलीत पटका अंथरून पडलेले असतात. मोळीची तोडलेली टोके पाहावीत. सकाळी ती पांढरट आणि रसाळ होती. आता ती तांबूस, मग तपकिरी झालेली आहेत, त्यांवर चिकट थर धरला आहे, माश्या घोंघावत आहेत, आणि काल संध्याकाळपासून उभ्या असलेल्या गाडीपाशी गेले तर आंबूस वास नाकाला जाणवतो. तो वास म्हणजे साखरेच्या विघटनाची उघड ग्वाही आहे. तो नाकाला जाणवेपर्यंत नुकसानीचा मोठा हिस्सा होऊन गेलेला असतो.

या ठिकाणी क्रियेचा वेग वाढविणारी सारी कारणे एकाच वेळी कामाला लागलेली असतात. डिसेंबरात पहाटेची थंडी बारा-तेरा अंशांवर उतरते, तेव्हा एक दिवस पडून राहिलेला ऊस जेवढा बिघडतो, त्याच्या कित्येक पट बिघाड सोलापूर-धाराशिवच्या एप्रिलमधील चाळीस अंशांच्या उन्हात त्याच अवधीत होतो. विकरांच्या क्रियेचा वेग तापमानाबरोबर आम्लाच्या क्रियेइतका तीव्रतेने वाढत नाही हे खरे, पण वाढतो हे निश्चित. आणि त्यातच उघड्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू आत शिरतात, साखरेवर पोसतात, आम्ल निर्माण करतात, आणि ते आम्ल पुन्हा विघटनाला चालना देते. विल्हेल्मीच्या काचपात्रात साखर कमी होत गेली तसा वेगही कमी होत गेला. शेतातून आलेल्या मोळीत मात्र जिवाणूंची संख्या वाढत जात असल्यामुळे, निदान पहिल्या काही दिवसांत, बिघाडाचा वेग उलट वाढत जातो. दुसऱ्या दिवसाचे नुकसान पहिल्या दिवसापेक्षा अधिक असते, ही गोष्ट ऊसतोडीचे वेळापत्रक आखणाऱ्या प्रत्येकाने मनाशी पक्की धरावी.

तोडलेल्या टोकांची संख्या हेही एक स्वतंत्र कारण आहे. पदार्थाचा जेवढा पृष्ठभाग उघडा तेवढी क्रिया जलद, हा नियम शाळेतला मुलगाही जाणतो. कोयत्याने तोडलेला ऊस लांबच्या लांब असतो, त्याला दोन टोके. हार्वेस्टर यंत्र मात्र त्याचे वीतभर लांबीचे तुकडे करते, म्हणजे त्याच उसाला पंधरा-वीस टोके होतात, आणि यंत्राच्या पात्यांनी सालही फाटते. यंत्राने तोडलेला ऊस काही तासांत गाळला गेलाच पाहिजे, ही त्या यंत्राची अंगभूत अट आहे. तोडणी कामगारांचा तुटवडा वाढत असताना शासन हार्वेस्टरला अनुदान देते ते स्वागतार्हच आहे. परंतु यंत्र विकत घेण्यास जेवढे उत्तेजन दिले जाते, तेवढा आग्रह त्या यंत्राच्या उसाला यार्डात वेगळी रांग असावी याबद्दल धरला जात नाही. जळिताच्या उसाचीही तीच गत. फडाला आग लागली, मग ती विजेच्या तारांच्या घर्षणाने लागो वा पाचट लवकर निघावे म्हणून कोणी मुद्दाम लावलेली असो, साल तडकते, रस बाहेर झिरपतो, आणि तो ऊस ताज्या हिरव्या उसापेक्षा खूप लवकर नासतो.

हे ज्ञान आपल्याकडे पोलॅरिमीटरबरोबर आले असे मात्र कोणी समजू नये. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावरील गुळव्याला विचारावे. शिळ्या उसाच्या रसाची ढेप घट्ट बसत नाही, गूळ मऊ राहतो, पावसाळ्यात पाझरतो, हे तो काहिलीतल्या रसाच्या फेसावरून आणि उकळीच्या आवाजावरून सांगेल. म्हणूनच जाणता गुऱ्हाळमालक आधणाला पुरेल तेवढाच ऊस तोडून आणतो. काहिलीत चुन्याची निवळी घालून रसाची आम्लता मारावयाची, भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर आणावयाची, ही रीत त्याला वडिलोपार्जित आहे. चुना कमी पडला तर साखर मोडते, जास्त पडला तर गूळ काळवंडतो. या दोहोंमधला मध्य तो हाताच्या अंदाजाने साधतो.

कारखान्याच्या भिंतींच्या आत हेच तत्त्व किती कसोशीने पाळले जाते, ते पाहिले म्हणजे मन प्रसन्न होते. उसाच्या रसाची आम्लता पीएच मापनाने साधारणतः सव्वापाच ते साडेपाच असते; तो रस तसाच उकळला तर साखरेचा फडशा पडेल, कारण पीएच एका अंकाने उतरला की आम्लामुळे होणाऱ्या विघटनाचा वेग दसपट होतो. म्हणून रस प्रथम तापवून त्यात चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर सोडतात, पीएच सातच्या आसपास आणून ठेवतात आणि मगच त्याला पुढची उष्णता देतात. येथे उष्णतेची भूमिका पाहण्यासारखी आहे: यार्डातल्या पस्तीस-चाळीस अंशांवर जी विकरे जोमाने काम करीत होती, ती रस तापला की कायमची निकामी होतात, म्हणजे तीच उष्णता एका शत्रूला बळ देते आणि पुढे त्याचाच नाशही करते. त्यानंतर रस आटविताना पॅनमध्ये निर्वात स्थिती राखतात, जेणेकरून पाक उघड्या काहिलीपेक्षा पुष्कळ कमी तापमानाला, साठ-सत्तर अंशांच्या आसपास उकळावा. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निर्वात पॅन बनविला, आणि नॉर्बर्ट रिलिओ या लुइझियानातील अभियंत्याने त्याच शतकाच्या पाचव्या दशकात एकाच वाफेला पुन्हा पुन्हा कामाला लावणारी बाष्पक-मालिका सिद्ध केली. इंधनाची बचत हा त्यांतला मोठा लाभ होताच, पण साखरेला कमी उष्णता लागून तिचे विघटन व काळेपणा टळावा, हाही लाभ त्याच्या बरोबरीचा होता.

म्हणजे फाटकाच्या आत एकेका अंशाचा, पीएचच्या दशांशाचा, मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारा कारखाना फाटकाच्या बाहेर, त्याच साखरेच्या बाबतीत, दिवसच्या दिवस बेहिशेबी घालवितो. मी पाहिलेल्या काटापावत्यांवर गाव असते, गट क्रमांक असतो, वाहनाचा क्रमांक, भरलेले वजन, रिकामे वजन, वजावट, सारे असते. तोडणी कोणत्या वेळी सुरू झाली याचा रकाना मात्र नसतो. जे नोंदले जात नाही त्याबद्दल कोणाला जबाब विचारता येत नाही.

नुकसानीच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब करतो. दिवसाला ५,००० टन ऊस गाळणारा कारखाना घ्यावा. त्याचा उतारा शेकडा ०.१ ने घसरला, तर रोज ५ टन, म्हणजे ५० क्विंटल साखर कमी बनते. १२० दिवसांच्या हंगामात ती ६,००० क्विंटल होते, आणि २०१९ साली ठरलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दरानेही तिची किंमत १ कोटी ८६ लाख रुपये होते. यात शेतकऱ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील, तर त्याने एफआरपीची रचना पाहावी. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये दर ठरविला असून, उताऱ्यातील प्रत्येक ०.१ टक्क्याच्या चढउतारास क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढतात किंवा घटतात. साडेनऊ टक्क्यांखालीच काय ती घट थांबते. शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दशांश ३,४६० रुपयांचा आहे. शिवाय वाळत पडलेल्या उसाचे वजन घटते, आणि शेतकऱ्याला पैसे मिळतात ते काट्यावर भरलेल्या वजनाचे. तेव्हा यार्डात किंवा फडात ऊस पडून राहिला की शेतकऱ्याचे वजन आणि कारखान्याची साखर अशी दोघांचीही हानी एकाच वेळी होते.

आणखी एक गोष्ट, जी कारखान्याबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. ल्युकोनोस्टॉक जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. हा पदार्थ ध्रुवित प्रकाशाला साखरेच्याच दिशेने, उजवीकडे, आणि साखरेच्या सुमारे तिप्पट वळवितो. परिणामी शिळ्या उसाच्या रसात खरी साखर कमी झालेली असतानाही पोलचा आकडा तेवढा खाली येत नाही. साखर आहे असे यंत्र सांगते आणि पोत्यात ती उतरत नाही. हिशेबाच्या वहीत ही तफावत मग ‘अनडिटरमाइंड लॉस’ या खात्यावर, म्हणजे कारण न सापडलेल्या नुकसानीत, जमा होते. त्या खात्यातील बऱ्याच रकमेचे कारण यार्डात उभे आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करतो.

इतके स्पष्ट असताना हे का चालते, याचे उत्तर माझ्या मते दराच्या रचनेत आहे. उतारा मोजला जातो तो संपूर्ण कारखान्याचा, सरासरीने. प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाचा नाही. एकाने सकाळी तोडलेला ऊस संध्याकाळी गव्हाणीत पडला आणि दुसऱ्याचा तिसऱ्या दिवशी पडला, तरी दोघांना टनाला तोच दर. तेव्हा ताजेपणासाठी झटण्याचे कारण एकट्या शेतकऱ्याला उरत नाही, आणि ताजेपणा राखणे त्याच्या हातीही नसते, कारण तोडणीची तारीख शेतकी विभाग देतो, टोळी मुकादमाची असते आणि वाहन कंत्राटदाराचे.

कारखानदारांची बाजू मी जाणतो. रात्री गिरणीला ऊस कमी पडून ती थांबली, तर बॉयलरचे इंधन वाया जाते, रस नळ्यांत अडकून राहतो, आणि पुन्हा गती घेण्यास वेळ लागतो. म्हणून यार्डात काही तासांचा साठा हाताशी ठेवणे भागच आहे. अवकाळी पाऊस, रस्त्यांची दुर्दशा, टोळ्यांची पळवापळवी, या अडचणीही कोणी कल्पनेने निर्माण केलेल्या नाहीत. परंतु काही तासांचा साठा आणि दीड-दोन दिवसांचा तुंबारा यांत फार अंतर आहे, आणि तुंबाऱ्यामागे बहुधा निसर्गाचा कोप नसतो. गाळपक्षमतेपेक्षा अधिक तोडणी देण्याची घाई, शेजारच्या कारखान्याने ऊस पळवू नये ही धास्ती, आणि गिरणी बंद पडल्याची वार्ता फडापर्यंत वेळेवर न पोहोचणे, ही त्याची नित्याची कारणे आहेत. आज प्रत्येक मुकादमाच्या खिशात मोबाइल आहे. गिरणी थांबली की पंधरा मिनिटांत तोडणी थांबविण्याचा निरोप जाऊ नये, याला सबब उरलेली नाही.

वेगाचा आग्रह धरताना मला सर्वांत मोठी भीती एका गोष्टीची वाटते, आणि ती स्पष्ट बोलून दाखविली पाहिजे. तोडणी ते गाळप हा अवधी कमी करा, असे फर्मान सुटले, तर त्याचा भार उतरंडीवरून घसरत शेवटी बीडहून, अहिल्यानगरहून, मराठवाड्याच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या तोडणी कामगाराच्या पाठीवर पडेल. नवराबायकोची जोडी तेथे एक कोयता म्हणून मोजली जाते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. पहाटेच्या अंधारात फडात उतरणे, ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून ट्रॉलीत रचणे, हे सारे काम ती जोडी करते, आणि गाडी बैलांची असली तर रात्र यार्डात, लेकरांसह, उघड्यावर काढते. या माणसांचे हात मंद चालतात म्हणून साखर जात नाही. त्यांनी वेळेत तोडलेला ऊस पुढे रांगेत उभा राहतो म्हणून ती जाते. घड्याळ लावायचे ते कोयत्याला लावू नये. ते फाटकाला लावावे.

म्हणून माझी सूचना मर्यादित आणि अंमलात आणण्याजोगी आहे. काटापावतीवर तोडणी सुरू झाल्याची तारीख व वेळ आणि गव्हाणीत ऊस पडल्याची तारीख व वेळ, असे दोन रकाने छापावेत. तोडणीची वेळ टोळीच्या मुकादमाने व शेतकी विभागाच्या स्लिप बॉयने दोघांनी मिळून नोंदवावी आणि पावतीची प्रत शेतकऱ्यास मिळावी. ज्या कारखान्यांनी शेतकी विभागाचे दप्तर संगणकावर आणले आहे, त्यांना यासाठी नवा खर्च जवळजवळ नाही. प्रत्येक पंधरवड्याची सरासरी उताऱ्याच्या आकड्याबरोबर कारखान्याच्या फलकावर लावावी, वार्षिक अहवालात ती छापावी, म्हणजे सभासदाला सर्वसाधारण सभेत उभे राहून त्याबद्दल विचारता येईल. ऊस तोडल्यापासून चोवीस तासांत गाळावा, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. पण वर सांगितल्याप्रमाणे डिसेंबरचे चोवीस तास आणि एप्रिलचे चोवीस तास हे साखरेच्या दृष्टीने एक नाहीत, तेव्हा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेने विभागवार, महिनेवार आणि जातीवार मुदतीचे कोष्टक तयार करून द्यावे, हार्वेस्टरच्या व जळिताच्या उसासाठी त्यात स्वतंत्र रकाने असावेत, आणि मार्चनंतर यार्डात सावलीची व पाणी शिंपडण्याची तजवीज करण्यास कारखान्यांना बांधून घ्यावे. आधी आलेली गाडी आधी रिकामी व्हावी, ओळखीची नव्हे, हेही त्या कोष्टकाखाली स्पष्ट लिहावे.

आणि ठरलेल्या मुदतीहून अधिक काळ गाडी यार्डात उभी राहिली, तर त्या प्रत्येक तासामागे वाहनधारकाला व गाडीवान कामगाराला खोटीभाडे, आणि शेतकऱ्याला घटलेल्या वजनाची भरपाई, कारखान्याने द्यावी. हा खर्च मळीत जाणाऱ्या साखरेच्या किमतीपेक्षा कमी आहे की अधिक, हे पहिल्याच हंगामाच्या पावत्यांवरून संचालक मंडळाला स्वतः काढता येईल.